तुमच्या नावाचं पहिलं व्याख्यान

सर,

तुमच्या घरून तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या घरी कोथिंबीर निवडत बसले होते. भाभी एवढंच बोलल्या, "सुजाता, साहब नहीं रहे." मी फोन ठेवला. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, आता माझ्या पोटाची दुर्बीण कोण करणार?

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. चोवीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी उभी राहून काम केलं तो गेला, आणि मला स्वतःच्या पोटाची पडली होती. लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. आज लिहायला बसले आहे तरी ती पुरती गेलेली नाही. म्हणून तुमच्याशी खोटं बोलले ते आधी सांगून टाकते.

शेवटची भेटायला आले तेव्हा तुम्ही पाठीशी तीन उशा घेऊन बसला होतात. पाय सुजलेले. "हार्ट थकलंय," दुसऱ्या कुणाच्या केसबद्दल बोलावं तसं तुम्ही सांगितलंत. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणालात, "तू बारीक का झालीस? खाना-पीना ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "लेकीच्या लग्नाची धावपळ होती, सर."

"हिमोग्लोबिन बघून घे."

"बघते."

त्या दिवशी मला शौचातून रक्त जायला लागून तीन महिने झाले होते.

मूळव्याध असेल, असं मी स्वतःला समजावत होते. आपल्या खोलीत येणारा दर दुसरा माणूस हेच म्हणायचा, आणि मी त्याला काय उत्तर द्यायचे ते तुम्ही रोज ऐकलंत. "काका, आत बघितल्याशिवाय मूळव्याध आहे हे कोण सांगणार?" स्वतःला मात्र मी न बघताच सांगितलं होतं. तुम्हाला त्रास नको म्हणून बोलले नाही, असंही मनाशी म्हणत राहिले. तुम्हाला कळलं असतं तर तशा सुजल्या पायांनी तुम्ही क्लिनिकला आला असता, हे खरं. पण माझं कारण ते नव्हतं. मला तुमचा चेहरा वाचता येत होता. दुर्बिणीची नळी आत असताना काही वाईट दिसलं की तुमचा खालचा ओठ दाताखाली जायचा. पेशंटला कळायचं नाही, मला कळायचं. तो ओठ मला माझ्यासाठी बघायचा नव्हता.

तुमचा चेहरा वाचायला मी कशी शिकले, आठवतं? उल्हासनगर कॅम्प एकमध्ये, कपड्याच्या दुकानावरची ती खोली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही गावांत तोवर पोटात दुर्बीण घालून बघणारं कुणी नव्हतं. मुंबईला पाठवायचे, आणि निम्मे लोक जायचेच नाहीत. तुमच्याबरोबर शिकलेले सगळे मुंबईत राहिले, तुम्ही नळीची पेटी घेऊन इथे आलात. मी सूतिकागृहातली नोकरी सोडून आले होते. मला वाटलं होतं, इथे निदान ओरडणं कमी असेल.

तेव्हा स्क्रीन नव्हता. नळीच्या मागच्या टोकाला डोळा लावून एकट्यानेच बघायचं. पेशंटच्या पोटातलं तुम्हाला दिसायचं, आणि मला दिसायचा फक्त तुमचा चेहरा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही नळी स्थिर धरलीत, मान बाजूला केलीत आणि म्हणालात, "आ, बघ." मी बघितलं. ओलं, गुलाबी, हलणारं काहीतरी, आणि मधोमध पांढरट खड्डा, कडेने लाल. अल्सर. मी दचकून मागे झाले. तुम्ही म्हणालात, "जिसने देखा नहीं, वो संभालेगा कैसे?" त्यानंतर दर वेळी मला बघायला मिळालं. दहावी झाल्यावर नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली मी. कुठल्या डॉक्टरने असं केलं असतं?

तुम्ही म्हणाला होतात, माझ्या नावाने व्याख्यान ठेवू नका. ते मला लक्षात आहे. तुमच्या गुरूंच्या नावाने मुंबईत दर वर्षी व्याख्यान असायचं, तिथे एकदा मला आणि मिलिंदला घेऊन गेला होतात. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथल्या एसीच्या थंडीने शिंका येत होत्या. स्टेजवर गुरूंचा मोठा फोटो, हार, समई. परदेशातले एक डॉक्टर तासभर नव्या मशीनबद्दल बोलले. मागच्या रांगांतली माणसं जेवणाच्या दाराकडे बघत होती. परत येताना गाडी तुम्ही चालवत होतात. शिळफाट्याच्या पुढे म्हणालात, "सरांच्या हाताबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही." मग तुम्हीच सांगितलंत. ते नळी दोन बोटांत धरायचे, ढकलायचे नाहीत, आतडं वाट देईपर्यंत थांबायचे. तुम्ही घाई केलीत की तुमच्या मनगटावर टिचकी मारायचे. शेवटी म्हणालात, "मेरे नाम का ऐसा कुछ मत करना. फोटो लावतात आणि माणूस हरवतो."

तरी झालं, सर. ते कसं झालं तेही सांगते. पण त्याआधी ठकूबाई.

आपलं भांडण तिच्यावरून सुरू झालं आणि कधी मिटलंच नाही. बारवी धरणाच्या पलीकडच्या पाड्यावरची ती, भाताची लावणी करणारी. घास अडकतो म्हणून मुलगा घेऊन आला होता. टेबलावर चढवली तेव्हा तिने माझा हात धरला. "गो बाय, दुखंल का?" मी म्हटलं, "काहीच होत नाही मावशी. घाबरू नका, कळणारही नाही." तेवढ्यात तुम्ही हातमोजे घालत आलात आणि म्हणालात, "मावशी, थोडा त्रास होईल. दोन मिनिटं गुदमरल्यासारखं वाटेल. मी सांगतो तसा श्वास घ्या."

तिने तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. टेबलावरून उतरली, पदर सावरला आणि जिना उतरून निघून गेली. मुलगा मागे धावला.

आठ दिवसांनी तुम्ही स्वतः गाडी काढून तिच्या पाड्यावर गेलात. मीही होते. तिने आपल्याला भाकरी वाढली, चहा दिला, पण यायला तयार झाली नाही. वर्षभराने आली तेव्हा पाणीही उतरत नव्हतं. तुम्ही आत बघितलंत, आणि ओठ दाताखाली गेला.

ती गेल्याचं कळलं त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, "तुम्ही खरं बोललात म्हणून ती पळाली, सर. धीर द्यायला हवा होता." तुम्ही म्हणालात, "एका मिनिटात दोन तोंडांतून दोन गोष्टी ऐकल्या तिने. विश्वास कुणावर ठेवणार? धीर दे ना. झूठ मत दे." मी म्हटलं, "घाबरलेल्या माणसाला घाबरू नका म्हणणं खोटं आहे का?" तुम्ही म्हणालात, "त्याची भीती खरी असेल तर आहे."

त्यानंतर मी "घाबरू नका" म्हटलं की तुम्ही मास्कवरून माझ्याकडे बघायचात. मी तरी म्हणायचेच. किती वर्षं हे चाललं. मला मनापासून वाटायचं की तुम्ही चुकता आहात.

तुमचे दिवस झाल्यावर तुमच्या घरी बैठक झाली. शहरातले डॉक्टर, तुमचे विद्यार्थी आणि भाभी. मी चहा द्यायला उठले तर भाभींनी हात धरून खाली बसवलं. व्याख्यान ठेवायचं आणि एक निधी उभारायचा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. एक मोठे डॉक्टर म्हणाले, मुंबईच्या हॉटेलात ठेवू, वक्ते बाहेरून बोलावू, निधीतून दर वर्षी एका तरुण डॉक्टरला परदेशी पाठवू. मला तुमचं गाडीतलं बोलणं आठवत होतं, पण तोंड उघडेना. मग डॉक्टर मृणाल बोलल्या. तुमच्या हाताखाली शिकलेल्या, आता तुमची खोली सांभाळणाऱ्या मृणाल मॅडम. म्हणाल्या, "सरांना हे नको होतं. करायचंच असेल तर उल्हासनगरात करू. आणि निधीतून आधी बारवीकडच्या पाड्यांवरून लोकांना इथे आणायला गाडी."

त्या मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी भाभी म्हणाल्या, "गाड़ी ठीक है. और पहले साल सुजाता बोलेगी. तुम सब उनकी डिग्री के बारे में बोलोगे, ये उनके बारे में बोलेगी."

मी नाही म्हटलं. भाभींनी ऐकलं नाही.

व्याख्यानापर्यंतचे पंधरा दिवस कसे गेले ते तुम्हाला काय सांगू. रक्त वाढलं होतं. जिना चढताना धाप लागायची. मिलिंद विचारायचा, "डॉक्टरांकडे काम करतेस, स्वतःला दाखवत का नाहीस?" मी म्हणायचे, "भाषणाचं टेन्शन आहे." सकाळी संडासात जाताना मी दिवा लावायचं सोडलं. खाली बघायला नको म्हणून. रोज सकाळी मृणाल मॅडम शेजारी उभ्या असायच्या, हातात तीच नळी असायची. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. मी पेशंटचा हात धरायचे, "घाबरू नका" म्हणायचे आणि माझीच पाठ घामाने भिजायची.

भाषण लेकीने, प्रज्ञाने, वहीत लिहून दिलं होतं. छान लिहिलं होतं तिने. कॅम्पातला तो हॉल भरला होता. तुमचे सिंधी पेशंट होते, अंबरनाथचे होते, पाड्यावरची दहा-बारा माणसं मृणाल मॅडमनी गाडीने आणली होती. फोटो होताच. भाभींनी हार घालू दिला नाही.

मी उभी राहिले. तुमच्या हाताबद्दल बोलले. ओठाबद्दल बोलले तेव्हा लोक हसले आणि भाभी डोळे पुसायला लागल्या. ठकूबाईचं नाव न घेता ती गोष्टही सांगितली. पुढे वहीत वाक्य होतं, "सरांच्या आठवणीत मी तुम्हाला एवढंच सांगते, दुर्बिणीला घाबरू नका." मी ते वाक्य म्हणायला गेले आणि माझ्या तोंडून आवाज येईना. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. माइकवर माझा श्वास ऐकू जात होता, सगळ्यांना.

मग मी म्हटलं, "मला पाच महिन्यांपासून रक्त जातंय. चोवीस वर्षं या कामात आहे. मला माहीत आहे हे काय असू शकतं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला फार भीती वाटते."

वही बंद केली आणि खाली येऊन बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. समोरच्या रांगेत मिलिंद बसला होता, त्याच्याकडे मला बघवेना.

बाहेर पार्किंगमध्ये तो म्हणाला, "घरात सांगता आलं नाही तुला. तिथे एवढ्या लोकांत सांगितलंस."

"तिथेही सांगायचं नव्हतं."

तो रागावला होता. स्कूटरची किल्ली लागेना. शेवटी मी लावून दिली. तेवढ्यात मृणाल मॅडम आल्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी. पहिला नंबर तुमचा. बुधवारी दुपारनंतर फक्त पातळ घ्यायचं. बाकी तुम्हाला माहीत आहे."

मला सगळंच माहीत होतं, सर, हाच घोळ होता. आतडं साफ करायचं ते पाणी मी हजारो लोकांना प्यायला लावलं, स्वतः पहिल्यांदा प्यायले. इतकं खारट असतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. टेबलावर डाव्या कुशीवर वळायच्या आधी पहिल्यांदा त्या खोलीचं छत बघितलं. कोपऱ्यात ओल आली आहे. आपल्याला कधी दिसली नाही.

मी नीताकडे बघितलं. नीता म्हणजे माझ्या जागी उभी असलेली दुसरी टेक्निशियन. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, घाब..." आणि थांबली. ती त्या दिवशी हॉलमध्ये होती.

मृणाल मॅडम म्हणाल्या, "सुजाताताई, वळणावर कळ येईल. तेव्हा मी थांबेन. तुम्ही सांगितल्यावर पुढे जाईन." मला गुंगीचं औषध थोडंच हवं होतं. मला बघायचं होतं. आणि खरंच, वळणावर कळ आली, त्या थांबल्या, ढकललं नाही. मी "हं" म्हटलं, मग पुढे गेल्या.

तेव्हा कळलं, सर. माझी भीती गेली नाही. पण मला एकटं वाटलं नाही. जे सांगितलं होतं तेच घडत होतं, म्हणून पुढच्या शब्दावरही भरवसा ठेवता येत होता. इतकी वर्षं तुम्ही हे मला सांगत होतात आणि मी तुमच्याशी वाद घालत होते. तुमचं बरोबर होतं. ठकूबाईला मीच टेबलावरून उतरवलं, हे मी आता म्हणू शकते. तुम्ही ते कधी म्हणाला नाहीत.

मग स्क्रीनवर पॉलिप दिसला, आतड्याच्या अस्तरावर वाढलेली गाठ. डाव्या बाजूच्या आतड्यात, देठावर लटकलेला, जांभळट, वरून खरबरीत. पिकल्या करवंदाएवढा. रक्त तिथूनच येत होतं. मी मृणाल मॅडमच्या ओठाकडे बघितलं. मास्क होता. डोळे बघितले तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "मोठा आहे. देठ आहे म्हणून आत्ता काढता येईल. आतमध्ये काय आहे ते मला आज सांगता येणार नाही."

तारेचा फास नीताने उघडला. फास देठावर बसवणं मॅडमचं काम, आवळणं तिचं. ही माझी जागा. माझी बोटं चादरीखाली आपोआप मिटत होती. "सावकाश," मॅडम म्हणाल्या. गाठ सुटून आली.

रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी कामावर गेले नाही. देव्हारा आमच्याकडे नाही, बुद्धांच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावून बसायचे, पण मन कशात लागायचं नाही. मिलिंदने रजा काढली. बोलायचा कमी. एकदा भाजी चिरताना म्हणाला, "पाच महिने एकटीच होतीस," आणि चिरत राहिला. प्रज्ञा सासरहून रोज फोन करायची आणि रिपोर्ट सोडून सगळ्याबद्दल बोलायची. मला तुमचा राग यायचा, सर. खरं सांगते. तुम्ही असता तर गाठीचे काप लावलेल्या त्या काचेच्या पट्ट्या स्वतः लॅबमध्ये जाऊन बघून आला असता. मेल्या माणसावर रागावतात का? मी रागावले.

नवव्या दिवशी मृणाल मॅडम घरीच आल्या, अंबरनाथला. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "गाठीच्या टोकाला कॅन्सरची सुरुवात होती. देठ स्वच्छ आहे. सगळं निघून आलंय. तीन महिन्यांनी परत बघू." मिलिंद खुर्चीत बसला. मी मॅडमना म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा मी स्वतः वाचलं.

आणखी काही महिने मी गप्प बसले असते तर देठही स्वच्छ राहिला नसता. हे कुणी बोललं नाही. मला कळतं.

निधीची गाडी आता महिन्यातून एका रविवारी पाड्यांवर जाते. मागच्या रविवारी मी गेले होते. बायका माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. भाषणात भीती वाटते म्हणाली ती हीच, असं एकमेकींना सांगतात. तिथून सात जणं तपासून घ्यायला आली. तुमच्या फोटोचं अजून काय करायचं ते ठरलेलं नाही. भाभींनी तो खोलीत लावू दिलेला नाही.

मॅडमनी सांगितलंय की माझ्या सख्ख्या भावंडांनीही बघून घ्यायला हवं. एकच भाऊ आहे मला, दिलीप, बदलापूरला. फोनवर त्याने उडवून लावलं, "ताई, मला काही होत नाही." म्हणून काल मी त्याच्या घरी गेले. रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवला. काही समजावलं नाही. पाणी खारट असतं, वळणावर कळ येते, आत काय निघेल ते आधी कुणी सांगू शकत नाही, एवढं सांगितलं. मला त्याच्यासाठीही भीती वाटते आहे, हेही सांगितलं.

त्याने रिपोर्ट हातात घेतला, उलटून मागची बाजूही बघितली. मग म्हणाला, "तू आत असशील?"

"असेन."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ."

सर, मलाही तुम्हाला एवढंच विचारायचं होतं. त्या दिवशी, तीन उशांना टेकून तुम्ही मला बारीक का झालीस विचारलंत तेव्हा. तुम्ही हो म्हणाला असता, हेही मला माहीत होतं.

दिलीप उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. "आदल्या दिवशी काय खायचं असतं?" त्याने विचारलं. मी पिशवीतून सूचनांचा कागद काढला आणि त्याला वाचून दाखवायला लागले. माझा आवाज कापत होता. त्याने मला थांबवलं नाही.